पाय हलतोय तुमचा

“पाय हलतोय तुमचा,” ताई म्हणाल्या. समोरच्या गृहस्थांनी झटकन पाय आखडून घेतला आणि ‘सॉरी’ म्हणाले. “थांबवू नका. हलू दे. उलट जरा जोरात हलवा.”

पुण्यात गेस्टाल्ट थेरपी शिकणाऱ्यांच्या एका गटात बसायची मला परवानगी मिळाली होती. लिहायला गृहस्थांचाही होकार होता. त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. विषय गावाकडच्या घराच्या वाटणीचा आणि थोरल्या भावाशी धरलेल्या अबोल्याचा. ते बराच वेळ मुद्देसूद सांगत होते. सातबारा, सह्या, कोण कधी काय म्हणालं. गटाला शिकवणाऱ्या ताई ऐकत होत्या, पण त्यांची नजर दुसरीकडेच होती: श्वास कुठे अडतो, ‘दादा’ म्हणताना आवाज कसा बारीक होतो, आणि तो पाय.

पाय जोरात हलू लागला आणि बघता बघता त्याची लाथ झाली. गृहस्थ चपापले.

“आपल्याला राग येतोच ना अशा वेळी.”

“कोणाला?”

“म्हणजे... मला.”

“तसंच म्हणून बघा.”

“मला राग आलाय.” एवढं बोलताना त्यांची मान लालबुंद झाली, आणि तोवर वरच्या वर चाललेला श्वास पोटापर्यंत पोचला. घराच्या वाटणीबद्दल ताईंनी एक अक्षर विचारलं नव्हतं.

या पद्धतीची मुळं जर्मनीतली. पहिल्या महायुद्धात मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांवर कुर्ट गोल्डस्टाइन फ्रँकफुर्टमध्ये काम करत होते. मेंदूच्या एका भागाला इजा झाली तरी माणूस सगळाच्या सगळा बदलतो आणि त्या नव्या परिस्थितीशी सगळा मिळून जुळवून घेतो, हे त्यांनी दाखवून दिलं. 1926 मध्ये त्यांच्या हाताखाली बर्लिनचा एक तरुण डॉक्टर होता, फ्रिट्झ पर्ल्स. तिथेच त्याची लोरे पोस्नरशी ओळख झाली. पुढे ती लॉरा पर्ल्स म्हणून ओळखली गेली. आपली नजर एका वेळी एकच आकृती पुढे आणते आणि बाकीचं मागे ढकलते, हे गेस्टाल्ट मानसशास्त्रातलं निरीक्षण. ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये बर्लिनमधले आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्धवट सुटलेली कामं पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं त्यांना आढळलं होतं. पर्ल्स दांपत्याने हे सगळं भावनांना लावून पाहिलं. अर्धवट राहिलेलं भांडण, न केलेला शोक, गिळलेला राग सारखा पुढे येत राहतो आणि आजचं काही नीट दिसू देत नाही.

1933 मध्ये हिटलरमुळे या ज्यू जोडप्याला देश सोडावा लागला. आधी नेदरलँड्स, मग जोहान्सबर्ग, शेवटी न्यूयॉर्क. तिथे 1951 मध्ये फ्रिट्झ, राल्फ हेफरलाइन आणि पॉल गुडमन यांच्या नावाने ‘गेस्टाल्ट थेरपी’ हा ग्रंथ निघाला. लॉराचं नाव त्यावर नाही. मला ते खटकतं, कारण त्या खोलीत मी जे पाहिलं त्यातलं बरंच तिच्याकडून आलेलं आहे. ती लहानपणापासून पियानो वाजवायची, नृत्य आणि शरीराच्या हालचालींचं शिक्षण तिने घेतलं होतं. माणसाला आधार असल्याशिवाय तो दुसऱ्याला खऱ्या अर्थाने भेटू शकत नाही, असं ती शिकवायची. आधार म्हणजे जमीन, पाठीचा कणा, श्वास. गृहस्थांना पुढे एका रिकाम्या खुर्चीसमोर बसवण्याआधी ताईंनी त्यांना दोन्ही तळवे फरशीवर टेकायला लावले ते यासाठीच. फ्रँकफुर्टला लॉरा मार्टिन बुबर यांच्याकडेही शिकली. ‘मी आणि तू’ हे त्यांचं पुस्तक 1923 चं. समोरच्या माणसाला वस्तूसारखं हाताळायचं नाही, त्याला ‘तू’ म्हणून पूर्णपणे सामोरं जायचं, आणि देवाशी नातंही त्याच वाटेने जुळतं, ही त्यांची श्रद्धा. ज्यू धर्मातल्या हसिदी परंपरेचा ओलावा त्या श्रद्धेत आहे.

आता ती खुर्ची. हे तंत्र मोरेनो या मनोविकारतज्ज्ञांच्या सायकोड्रामामधून, म्हणजे प्रसंग अभिनयातून जगून बघण्याच्या पद्धतीतून आलेलं. समोरच्या रिकाम्या खुर्चीत दादा बसलाय असं समजून गृहस्थ बोलले, आधी अडखळत, मग मोठ्याने. मग ताईंनी त्यांना त्या खुर्चीत जाऊन दादा व्हायला सांगितलं. ते उठले, बसले, आणि बसताना पाठ वाकली, हात गुडघ्यांवर आले. “तू शिकायला पुण्याला गेलास,” दादा म्हणाला. “आईचं शेवटचं दुखणं मी काढलं.” गृहस्थ तिथेच थांबले. हे वाक्य त्यांच्याच तोंडून आलं होतं आणि ते ऐकून सगळ्यात जास्त हादरले होते तेच.

“मग आता मी दादाला माफ करायला हवं, नाही का?” त्यांनी विचारलं.

“करायला हवं, असं वाटतंय ना, ते कसं वाटतंय?”

इथे गेस्टाल्टचा कणा दिसतो. अर्नॉल्ड बाइसर हे मनोविकारतज्ज्ञ तरुणपणी उत्तम टेनिस खेळायचे. वैद्यकीय शिक्षण संपलं आणि पोलिओने त्यांना गाठलं. कृत्रिम श्वासयंत्रात काढलेल्या काळानंतर, 1970 मध्ये त्यांनी मांडलं की माणूस जसा आहे तसा पुरता होतो तेव्हाच बदलतो. जे नाही ते व्हायची खटपट करून बदलत नाही. ज्याचं शरीर त्याच्या इच्छेला दाद देत नव्हतं अशा माणसाने हे म्हटलं, म्हणून मला त्या म्हणण्याचं वजन वाटतं.

या पद्धतीतले पूर्वेकडचे धागेही खरे आहेत. पर्ल्स दांपत्याच्या न्यूयॉर्कमधल्या गटातले पॉल वाइस झेनचे अभ्यासक होते, त्यांच्यामुळे फ्रिट्झ तिकडे वळले आणि क्योटोला जाऊन आले. त्याआधीच बर्लिनमध्ये सालोमो फ्रीडलेंडर या तत्त्वज्ञाकडून त्यांनी दोन टोकांच्या मधल्या शून्यबिंदूवर उभं राहण्याची कल्पना घेतली होती. पुढे कॅलिफोर्नियातल्या एसालेन या संस्थेत फ्रिट्झचं नाव गाजलं. एसालेनचे एक संस्थापक मायकेल मर्फी त्याआधी पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात राहून आले होते. पण एसालेनमधले फ्रिट्झ मला फारसे पटत नाहीत. भरल्या सभेत एखाद्याला खुर्चीत बसवून अर्ध्या तासात रडवायचं आणि पुढच्याला बोलवायचं, याला बुबर यांच्या अर्थाने भेट म्हणता येत नाही. त्या काळातल्या अशा धसमुसळेपणाचं एक टोक पुण्यानेही पाहिलं. सत्तरच्या दशकात कोरेगाव पार्कातल्या रजनीश आश्रमात एन्काउंटर गट, म्हणजे मनातलं थेट समोरच्यावर मोकळं करायचे गट, चालत. एसालेनचे दुसरे संस्थापक डिक प्राइस तिथे आले आणि गटातली मारहाण पाहून नाराज होऊन परतले. ज्याला भास होतात, जो नुकत्याच मोठ्या आघातातून गेलाय, अशाला खुर्चीसमोर बसवायची घाई करायची नाही, हे आज शिकवणारे ठासून सांगतात, आणि ते योग्यच आहे.

काम संपल्यावर गटाने बोलायचं होतं. नियम एकच: सल्ला नाही, अर्थ लावणं नाही, पाहताना स्वतःला काय झालं तेवढंच सांगायचं. एकजण म्हणाली, माझे दात आवळले गेले होते. दुसऱ्याला त्याची आई आठवली. एकाने “तुम्ही आता गावी जाऊन...” असं सुरू केलं, तेव्हा ताईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

मग त्या गृहस्थांकडे वळल्या. “आज दादांना फोन करू नका. त्या खुर्चीत बोलला तो तुमच्यातला दादा. गावातल्या दादांच्या मनात काय आहे, ते अजून आपल्याला कोणालाच माहीत नाही.”

गृहस्थांनी मान हलवली आणि पाणी मागितलं.