सिंहगडावरचे जेवण : पिठले, भाकरी आणि मडक्यातले दही

सिंहगडावर जेवण मिळते ते झापाखाली. चार बांबू किंवा लोखंडी पाइप, वर पत्रा नाहीतर ताडपत्री, खाली सतरंजी किंवा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कोपऱ्यात चूल किंवा गॅसची शेगडी, एवढाच संसार. पदार्थांची पाटी असली तर असली. खरी यादी बाईच्या तोंडी असते. पिठले, भाकरी, ठेचा, वांग्याचे भरीत, कांदाभजी, ताक, दही. पुण्याच्या नैर्ऋत्येला तीसेक किलोमीटरवर असलेल्या या किल्ल्यावर येणाऱ्यांपैकी अनेकांना देवटाके कुठे, कल्याण दरवाजा कुठे, हे विचारावे लागते. दही कुठे मिळते हे विचारण्याची वेळ येत नाही. दहीवाली आपणच हाक मारते.

ही यादी इतकी आखूड का, याचे उत्तर डोंगरात आहे. गडमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर आणि पायथ्याच्या आतकरवाडीपासूनचा चढ सहाशे मीटरांच्या आसपास. घाटाचा गाडीरस्ता होण्यापूर्वी वर जे काही जाई ते डोक्यावरून किंवा जनावराच्या पाठीवरून. अशा ठिकाणी काय शिजवायचे हे आधी वजन ठरवते आणि मग चव. डाळीचे पीठ हलके, महिनाभर टिकणारे, आणि मूठभर पिठात घरभर पिठले होते. कांदा, लसूण, सुक्या मिरच्या टांगून ठेवता येतात. हिरव्या भाजीचे ओझे कोणी वाहील आणि ती संध्याकाळपर्यंत खपली नाही तर काय करील? वांगे तेवढे अपवाद, कारण ते दोन दिवस तग धरते आणि भाजायला विस्तव पुरतो, तेलाचा खर्च नाही.

पाणी हा दुसरा मालक. गडावर खडकात खोदलेली टाकी आहेत. देवटाक्याच्या पाण्याची ख्याती जुनी आहे, पण शंभर पानांची भांडी रोज घासावीत इतके पाणी कोणत्याच डोंगरी किल्ल्यावर सुखाने मिळत नाही. कांदाभजी ही या टंचाईतून निघालेली सर्वांत हुशार युक्ती म्हणावी लागेल. कांदा उभा, पातळ चिरायचा, मीठ चोळून थोडा वेळ ठेवायचा. त्याला जे पाणी सुटते त्यातच तिखट, ओवा आणि बसेल तेवढे बेसन कालवायचे. वरून पाणी जवळजवळ लागत नाही. पीठ कमी आणि घट्ट असल्यामुळे कांद्याच्या पाकळ्या तेलात पाय फाकून सुट्या तळल्या जातात. म्हणून तिला खेकडा भजी म्हणतात. शहरातल्या गाडीवर याच भजीत पाणी आणि सोडा घालून तिला फुगवतात. सोबत मीठ लावलेल्या तळलेल्या मिरच्या. पावसात भिजून वर आलेल्या माणसाला याहून जास्त काही सुचतही नाही.

भाकरीचे गणित थोडे वेगळे आहे. मावळाची स्वतःची पिके म्हणजे भात आणि नाचणी. ज्वारी पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यातली. त्यामुळे गडावर तांदळाची, नाचणीची आणि ज्वारीची अशा तिन्ही भाकऱ्या भेटतात आणि शहरी पाहुण्याला तिसरी जास्त ओळखीची असते. यांपैकी कोणत्याच पिठात गव्हातला ताणणारा चिकटपणा नसतो. म्हणून गरम पाणी, परातीत तळव्याच्या खोटेने भरपूर मळणे आणि लाटण्याऐवजी थापणे. तव्यावर टाकलेल्या भाकरीच्या वरच्या अंगाला लगेच पाण्याचा हात फिरवतात. ते पाणी सुकायच्या आत उलटली तर ठीक, नाहीतर भेगा पडतात. शेवटी विस्तवासमोर उभी करून शेकली की पापुद्रा सुटून ती फुगते. हे सारे एका भाकरीमागे दोन-तीन मिनिटांचे काम आहे आणि रविवारी अकरा वाजता समोर चाळीस माणसे बसलेली असतात. अशा वेळी सकाळी करून फडक्यात गुंडाळलेल्या भाकऱ्यांची चळत बाहेर येते. ती वातड लागते, आणि त्यात नवल नाही. ज्या झापातून थापण्याचा आवाज येतो तिथे बसावे, हा जाणत्यांचा साधा नियम आहे.

या सगळ्यात गडाची खरी ओळख मात्र दह्याची. त्याची कारणे दूधव्यवसायात आहेत. पायथ्याच्या वस्त्यांवर म्हशी होत्या आणि डोंगरउताराला चारा होता. गिऱ्हाईक मात्र लांब. सकाळचे दूध डोक्यावरून शहराच्या दिशेने जाई. जे जाऊ शकले नाही ते दुपारपर्यंत नासणार, विरजले तर टिकणार. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात चारेक टक्के. दूध चुलीवर आटत ठेवले की घट्टपणा आणखी वाढतो आणि धुराचा पुसट वास धरतो. मग ते जाते बिनचकाकीच्या मडक्यात. मातीची छिद्रे दह्यातले थोडे पाणी ओढून घेतात, ते बाहेरून वाऱ्याने उडून जाते आणि उडताना मडके थंड करते. दही घट्ट होते ते यामुळे, गार राहते तेही यामुळेच. बर्फपेटीची गरज पडत नाही. थंडीत मात्र विरजण लागायला वेळ लागतो आणि भांडी उबेला चुलीशेजारी सरकवावी लागतात. चांगले जमलेले दही कवडीसारखे पडते, मडके तिरपे केले तरी हलत नाही. डोक्यावर पाटी, पाटीत मडकी, वर ओले फडके आणि तोंडी ‘या दादा, या ताई, मडक्यातलं दही घ्या, गोड दही!’ अशी हाळी. साखर की मीठ, एवढाच प्रश्न विचारला जातो. मडकी इवलीशी असतात आणि एकावर कोणी थांबत नाही, हे दहीवालीला पक्के ठाऊक असते.

विकणारे लोक कोण, हे समजायला थोडा इतिहास लागतो. किल्ल्याच्या पायथ्याभोवतीच्या वस्तीला घेरा म्हणतात. इथल्या ग्रामपंचायतीचे नावच घेरा सिंहगड आहे. डोंगरी किल्ल्यांची राखण तटावरच्या शिबंदीइतकीच घेऱ्यातल्या माणसांवर चाले. वाटांवर नजर ठेवणे, जंगलावर पहारा देणे, लाकूडफाटा आणि गवत पुरवणे ही त्यांची कामे आणि त्याबद्दल इनाम-वतन. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी घेतलेला कोंढाणा म्हणजे हाच किल्ला, १७०० मध्ये राजाराम महाराजांचा मृत्यू पाहिलेला सिंहगड, १७०३ मध्ये औरंगजेबाच्या हाती गेलेला आणि पुन्हा मराठ्यांकडे आलेला किल्ला, या प्रत्येक खेपेला वरचा मालक बदलला, तरी खालची चाकरी राहिली. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्या चाकरीला अर्थच उरला नाही. मग शेती, गुरे, दूध, सरपण आणि वर येणाऱ्याची सरबराई. पुण्यातले गोरे अधिकारी उन्हाळ्यात हवा खायला गडावर राहू लागले होते. पुढे लोकमान्य टिळकांनी तिथे बंगला घेतला. तो आजही उभा आहे. १९२० च्या मे महिन्यात गांधीजी विश्रांतीसाठी गडावर राहिले होते. एवढ्या पाहुण्यांना दूध, पाणी, लाकूड कोणीतरी पुरवतच असणार. पर्यटनाचा धंदा इथे सतरंजीवरच्या पिठल्यापासून सुरू झाला असे मानण्याचे कारण नाही.

मोठा बदल आणला तो रस्त्याने. सत्तरच्या दशकात गडावर दूरदर्शनचा मनोरा आला, मुंबईचे कार्यक्रम पुणेकरांच्या घरात दिसू लागले, आणि वाहन थेट पुणे दरवाजाच्या अलीकडच्या तळापर्यंत जाऊ लागले. त्यामुळे गडाचे गिऱ्हाईक दोन जातींत विभागले गेले. एक चालत येणारे: पहाटे आतकरवाडीहून निघून तास-दीड तासात वर, वळणावळणावर लिंबूसरबत आणि मीठ-तिखट लावलेली काकडी, वर दही, आणि नऊच्या आत परत. यांच्यात दर रविवारी येणारे निवृत्त गृहस्थही असतात. त्यांचा झाप ठरलेला, बाई नावानिशी ओळखणारी. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतले छात्रही गड चढतात, सरावासाठी किंवा शिक्षा म्हणून, पण दह्यासाठी थांबण्याची मुभा त्यांना बहुधा नसते. दुसरे गाडीने येणारे. यांची भूक चढाने लागलेली नसते, घाटातल्या कोंडीने लागलेली असते. जुलै-ऑगस्टमधल्या रविवारी वर पोचायला जितका वेळ जातो तितक्यात माणूस चालत जाऊन परत येईल. एकच पिठले एकाला अमृत वाटते आणि दुसऱ्याला ‘घरच्यासारखंच तर आहे’. दोघेही खरेच बोलत असतात.

ऋतूप्रमाणे पानाबाहेरची यादी बदलते. मे महिन्यात करवंदे आणि जांभळे पानाच्या द्रोणात येतात, पावसात निखाऱ्यावर भाजलेले कणीस, थंडीत बोरे, आवळे आणि उकडलेल्या शेंगा. हा माल गोळा करायला भांडवल लागत नाही, फक्त पहाटे उठून रान पालथे घालावे लागते, म्हणून तो बहुतेक म्हाताऱ्या बायका आणि पोरांच्या हाती असतो. माकडांना हे सारे वेळापत्रक पाठ आहे.

या जेवणाला ‘मावळ्यांचे जेवण’ म्हणण्याची फॅशन आहे. भाकरी आणि दही यांच्यापुरते ते खरे मानता येईल. पण मिरची, शेंगदाणा आणि मका हे तिन्ही अमेरिका खंडातून, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे आले. त्यांतली मिरची लवकर रुजली, शेंगदाण्याची लागवड पसरली ती फार पुढे. तानाजीच्या फळीतल्या कोणी शेंगदाण्याचा कूट घातलेला ठेचा खाल्ला असण्याचा संभव फार कमी. कष्टकऱ्याचे पान म्हणून मात्र पिठले-भाकरीची ओळख पक्की आहे. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे उघडली ती याच ओळखीवर. ती योजना पुढे गुंडाळली गेली. गरिबाचे म्हणून सरकारला जे विकता आले नाही ते हौशीचे म्हणून गडावर सहज खपते. पुण्यातली हॉटेले आता ‘चुलीवरचे’ अशी पाटी लावून दोन पैसे जास्त घेतात, आणि गडावर वनखात्याच्या लाकूडबंदीमुळे गॅसची टाकी येऊन बसली आहे, ही गंमत इथेच नोंदवायला हवी.

धंदा वाढला तशी तक्रारही वाढली, आणि ती बिनबुडाची नाही. किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे, भोवतीचे रान वनखात्याचे, आणि वस्ती ग्रामपंचायतीची. तटाला टेकून उभारलेला पत्रा, टाक्यात जाणारे खरकटे, दरीत फेकलेल्या बाटल्या यांना कोणीच पाठीशी घालू शकत नाही. वनखाते वाहनांकडून उपद्रव शुल्क घेते आणि प्लास्टिकला मनाई आहे. मे २०२२ मध्ये खासगी गाड्या खाली थांबवून विजेवरच्या बस सोडण्याचा प्रयोग झाला. तो महिनाभरही टिकला नाही. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने गडकिल्ल्यांवरची अतिक्रमणे हटवण्याचा आदेश काढला, आणि सिंहगडावरही कारवाई झाली. स्मारक मोकळे दिसले पाहिजे हे पुरातत्त्व विभागाचे म्हणणे बरोबर आहे. पण पाटीत दहा मडकी घेऊन फिरणारी बाई आणि सिमेंटचा ओटा बांधून बसलेला दुकानदार यांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. पहिलीने जागा अडवलेली नसते, तिच्या कचऱ्यात मातीच असते आणि ती अंधार पडायच्या आत घरी जाते. ठरावीक जागा, परवान्यांची मर्यादा, वाहून आणलेल्या पाण्याची अट आणि कचरा खाली नेण्याची जबाबदारी एवढ्यावर तोडगा निघू शकतो. त्यासाठी तिन्ही कार्यालयांनी एकत्र बसावे लागेल.

तोवर गिऱ्हाईक आपली सोय करून घेतेच. डोणज्यापासून खडकवासल्याच्या चौपाटीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना जेवणाची ठिकाणे वाढत चालली आहेत. तिथे वाहनतळ आहे, टँकरचे पाणी आहे, शीतपेटी आहे, आणि काहीच डोक्यावरून वाहून न्यायचे नसल्यामुळे पदार्थांची यादी चार पानी आहे. पिठले-भाकरी त्यातही असते, पनीरच्या भाज्या संपल्या की खालच्या बाजूला.