फळीखाली काय दडलंय?

आज आपण स्केटबोर्ड उलटा करून बघणार आहोत. मुलीने त्याचा हट्ट धरला की घरातलं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "हातपाय मोडून घेशील!" ही भीती काही खोटी नाही. पण दर वेळी दोष मुलीच्या धांदरटपणाचा नसतो. खालचा एखादा नट सैल झालेला असतो, नाहीतर चाकंच आपल्या रस्त्याला न चालणारी असतात. हे भाग ओळखता आले, तर हो म्हणायचं की नाही, ते नीट ठरवता येईल.

हा मुलग्यांचा खेळ, असं तर मुळीच म्हणू नका. 2022 मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने यात सुवर्णपदक मिळवलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये सोनं जिंकणारी जपानची मोमिजी निशिया तेव्हा 13 वर्षांची होती.

आता फळी. तिला डेक म्हणतात. चांगली डेक मेपलच्या लाकडाचे, बहुधा सात, पातळ थर चिकटवून केलेली असते. म्हणजे प्लायवूडच, आणि प्लायवूडचं पाण्याशी काय वाकडं असतं ते आपल्याला पावसाळ्यात कपाटाच्या दारांनी शिकवलंय. बोर्ड ओला झाला की पुसून घरात उभा करून ठेवा. वरच्या बाजूला पॉलिश पेपरसारखा खरखरीत काळा कागद असतो, तो ग्रिप टेप. पाय त्यावर धरून राहतो. तो गुळगुळीत झाला असेल तर बदलायला हवा. चपला घालून यावर चढायचं नाही, सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट हवेत.

हँडल नाही, मग हे वळतं कसं? सगळी गंमत इथेच आहे. फळीखाली पुढे-मागे धातूचे दोन सांगाडे असतात. त्यांना ट्रक म्हणतात, बोईसरच्या रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकशी याचं काही नातं नाही! प्रत्येक ट्रकमध्ये एक जाड, तिरका बोल्ट असतो, तो किंगपिन. त्यावर रबरासारख्या दोन जाड चकत्या असतात, त्या बुशिंग. दोन चकत्यांच्या मध्ये आडवा दांडा धरलेला असतो आणि त्याच्या दोन टोकांना चाकं. मुलीने एका बाजूला वजन टाकलं की त्या बाजूने चकत्या दबतात. बोल्ट तिरका असल्यामुळे दांडा नुसता कलत नाही, थोडा वळतोही. पुढचा एका दिशेला, मागचा उलट दिशेला. आणि फळी वळण घेते.

म्हणून किंगपिनचा नट महत्त्वाचा. तो सैल असेल तर बोर्ड पटकन वळतो, पण वेगात लटपटतो. फार आवळला तर वळतच नाही. नवशिक्या मुलीसाठी थोडा घट्ट बरा, मग सराव वाढेल तसा पाव-पाव फेरा सैल करायचा. चकत्यांना चिरा गेल्या असतील तर आवळून उपयोग नाही, त्या बदलाव्याच लागतात.

चाकांवर आमचा जास्त जोर आहे. चाकावर बहुतेक दोन आकडे छापलेले असतात. एक मिलिमीटरमधला व्यास, दुसरा कडकपणा. 52 मिलिमीटरचं, 99ए कडकपणाचं चाक स्केट पार्कच्या गुळगुळीत सिमेंटसाठी ठीक. आपल्या रस्त्यावर वाळू, खडी, डांबराचे उंचवटे. तिथे छोटं कडक चाक एका खड्यावर अडकून जागीच थांबतं, आणि वरची मुलगी मात्र पुढे जाते! इथे 60 च्या आसपासचं, 78ए ते 85ए असं मऊ चाक घ्यावं. खेळण्यांच्या दुकानातली कडक प्लास्टिकची चाकं तर नकोच.

प्रत्येक चाकात दोन, म्हणजे एकूण आठ बेअरिंग. माप 608, आतलं भोक 8 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 22. हे सर्वत्र चालणारं माप आहे, त्यामुळे मोटारीचं सामान विकणाऱ्या दुकानातही विचारून बघा. चिंचणीची खारी हवा आणि किनाऱ्यावरची वाळू हे बेअरिंगचे शत्रू. सुरूच्या बागेपर्यंत बोर्ड हातात न्या, वाळूवर घासू नका. चाक हाताने फिरवून कान द्या. खरखर आली तर बेअरिंग काढून रॉकेलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. विस्तवापासून मात्र लांब. पाण्याने धुतलंत तर गंजलंच म्हणून समजा.

उरले ट्रक फळीला धरणारे आठ स्क्रू आणि चाकांचे चार नट. स्क्रू गच्च हवेत. चाकाचा नट मात्र पुरता आवळू नका, चाक केसभर डावी-उजवीकडे हललं पाहिजे, नाहीतर ते फिरणार नाही. चाकांना 13 नंबरचा पाना लागतो.

जुना बोर्ड विकत घेत असाल, तर डोळ्यासमोर आडवा धरून फळी वाकलीय का ते बघा, कडांचे थर सुटलेत का ते नखाने तपासा आणि चारही चाकं एकेक करून फिरवा. हेल्मेट आणि मनगटाचे पॅड यांचे पैसे बोर्डाच्या पैशातच धरा. पहिले काही दिवस अंगणात किंवा शाळेच्या मोकळ्या मैदानावरच, टँकरच्या रस्त्यावर नाही.