जुनी सेडान घेताय? मीटर सगळ्यात शेवटी बघा

२०१२ सालची पेट्रोल होंडा सिटी, पहिलाच मालक, किलोमीटर फक्त ४२ हजार. अशी जाहिरात दिसली की घेणारा तिथेच निम्मा पाघळतो. पण कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा या व्यवहारातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे.

एक तर मीटर मागे घेता येतं, डिजिटल असलं तरी. सर्व्हिसच्या बिलांवर तारखेसोबत किलोमीटरही लिहिलेले असतात. ती बिलं मागून घ्या, क्रमाने लावा आणि आकडा कुठे घसरतोय का ते बघा. ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलीय आणि मीटर ४२ हजार सांगतंय, तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

समजा आकडा खरा आहे. तरी वर्षाला तीन-चार हजार चाललेली गाडी बहुतेक काळ उभीच असते, नाहीतर भाजीबाजारापर्यंतच्या फेऱ्या मारते. अशा फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये पाण्याचा अंश आणि न जळलेलं पेट्रोल साठत जातं. होज, बुश, सील ही रबरं तर उभ्या गाडीतही वयाने कडक होतात. त्यापेक्षा हायवेवर लाखभर धावलेली, दर वर्षी ऑइल बदललेली सिटी मी आधी बघायला जाईन.

‘होंडाच्या इंजिनाला काही होत नाही’ हेही अर्धंच खरं. या सिटीच्या १.५ लिटर आय-व्हीटेक इंजिनाला टायमिंग चेन आहे, त्यामुळे बेल्टसारखी ती ठरावीक किलोमीटरला बदलावी लागत नाही. पण ऑइलची हेळसांड झाली की चेन सैल पडते. म्हणून इंजिन थंड असतानाच ऐका. ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका’ असं मालकाला सांगून ठेवा आणि पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी परत जा. सुरू होताना खडखड आली किंवा निळा धूर निघाला, तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय भाव बोलू नका. धुऊन चकाचक केलेल्या इंजिनावर भाळू नका. धुतल्यावर ऑइलची गळती दिसत नाही. वीसेक मिनिटं चालवून झाल्यावर खाली वाकून बघा.

विमा चालू आहे म्हणजे अपघात झाला नाही, असंही नाही. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस ५० टक्क्यांपर्यंत जातो. पॉलिसीवर तो शून्य दिसला, तर कारण विचारा. पुरात बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, डिकीत स्टेपनी काढून खालचा खड्डा तपासा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळुणात कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हा नियम महाराष्ट्रात खासगी गाडीला नाही. आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. २०१२ च्या गाडीचा हा खर्च २०२७ मध्ये येणार, तो आत्ताच भावातून वजा करा. आणि आरसीवर बँकेचा बोजा दिसला, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ समोर येईपर्यंत टोकनही देऊ नका.