मूळ संहितेपासून संस्थापन

युनिक्स वा तत्सदृश (उदा., लिनक्स) परिचालन प्रणालीवर एखादे आज्ञाचलित साधन त्याच्या मूळ संहितेपासून आपल्याच संगणकावर तयार करून वापरास सिद्ध करण्याची क्रिया. कळफलकावर टंकलेल्या आज्ञेने चालणाऱ्या कार्यक्रमास आज्ञाचलित साधन म्हणतात. मुक्त स्रोत साधनाची मूळ संहिता कोणासही वाचता व बदलता येते. तयार यंत्रसंकेतावरून मात्र कार्यक्रमाचे अंतरंग सहजी उमगत नाही.

कृती : संहितेचा संच उतरवून घेतल्यावर त्याची अंकीय स्वाक्षरी पडताळतात व सोबतची माहितीपत्रिका वाचतात. पारंपरिक पद्धतीत पुढे तीन टप्पे असतात. ‘कॉन्फिगर’ ही लिपी संगणकावर संकलक (कंपायलर) व आवश्यक पूरक कार्यक्रमसंच आहेत की नाहीत हे तपासून ‘मेकफाईल’ ही नियमपत्रिका तयार करते. पूरक संच नसल्यास काम बहुधा येथेच अडते. ‘मेक’ ही आज्ञा त्या नियमांनुसार संकलकाकडून संहितेचे यंत्रसंकेतात रूपांतर करविते. हे साधन स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये निर्माण केले. बदललेले भागच ते पुन्हा संकलित करविते. अखेरीस ‘मेक इन्स्टॉल’ या आज्ञेने तयार फाईली योग्य निर्देशिकेत ठेवल्या जातात. प्रशासकाचे अधिकार लागलेच, तर ते याच टप्प्यास लागतात. आधीचे टप्पे सामान्य वापरकर्ता म्हणून करणे इष्ट. अशा साधनाची सुरक्षाविषयक सुधारणा प्रणालीकडून आपोआप होत नाही. ती स्वतः करावी लागते.

संकलकही याच रीतीने घडविता येतो. ‘जीसीसी’ (प्रथम प्रकाशन १९८७) या संकलकाच्या नेहमीच्या बांधणीत जुना संकलक नव्यास घडवितो, नवा स्वतःस दोनदा घडवितो आणि शेवटची दोन फलिते ताडून पाहिली जातात. मुंबईतील पवईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये उदय खेडकर यांच्या नेतृत्वाखाली या संकलकाच्या अंतर्रचनेवर अध्यापन व कार्यशाळा झाल्या आहेत.

विश्वासार्हता : संकलकच दूषित असल्यास निर्दोष संहितेपासूनही दूषित कार्यक्रम निपजू शकतो, हे युनिक्सच्या जनकांपैकी एक केन टॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात दाखविले. दुसरा धोका २०२४ मध्ये प्रत्यक्षात आला. ‘एक्सझेड’ या संपीडन साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दूरस्थ प्रवेशाचे चोरद्वार आढळले. दूषित संकेत चाचणीच्या फाईलींत दडविलेला होता. त्यास बांधणीत ओढून घेणारी लिपी मात्र उघड भांडारात नव्हती, केवळ प्रकाशित संचात होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास संगणकप्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी हा प्रकार उघड केला. संचावरील स्वाक्षरी खरी होती, कारण तो साधनाची देखभाल करणाऱ्यानेच प्रसृत केला होता. स्वाक्षरी प्रेषकाची ओळख पटविते, हेतूची नव्हे. संहिता उघडी असणे ही तपासणीची केवळ संधी होय. ती तपासणारा कोणी नसेल, तर त्या उघडेपणाने सुरक्षितता लाभत नाही. [⟶ संगणक].