शेअर दलालाने पाहिलेले मणी

खग्रास सूर्यग्रहणापुढे कंकणाकृती ग्रहणाला कोणी फारसा भाव देत नाही. भरदिवसा काळोख होत नाही, प्रभामंडल दिसत नाही, आणि चष्मा तर क्षणभरही उतरवता येत नाही. चंद्र पृथ्वीपासून लांब, चार लाख किलोमीटरच्या आसपास असला की त्याचं बिंब सूर्यबिंबाला पुरं पडत नाही आणि भोवती कडं उरतं. तरीही चंद्राच्या कडेकडे खगोलशास्त्रज्ञांची नजर खऱ्या अर्थाने वळली, ती अशाच एका ग्रहणामुळे.

१५ मे १८३६. स्कॉटलंडमधल्या जेडबर्गजवळ इंच बॉनी इथे जेम्स व्हीच राहायचे. धंदा नांगर बनवण्याचा, नाद दुर्बिणी घडवण्याचा. पुढे प्रकाशशास्त्रात नाव काढणारे डेव्हिड ब्रूस्टर लहानपणी यांच्याच कार्यशाळेत रमत. त्या दिवशी तिथे दुर्बिणीला डोळा लावून बसले होते लंडनचे फ्रान्सिस बेली, वय ६२. तरुणपणी अमेरिकेची रानं तुडवून आलेले, नंतर शेअर दलालीत पैसा कमावलेले, आणि पन्नाशी उलटताच बाजाराला रामराम ठोकून आकाशाच्या हिशेबाला लागलेले.

कडं जुळण्याची नेमकी वेळ टिपायची, एवढाच त्यांचा बेत होता. जुळताना काही वेगळं दिसलंच तर ते निमिषभर असेल, वेळ नोंदण्यात त्याचा अडथळा व्हायचा नाही, असा त्यांचा अंदाज होता. तो साफ चुकला. चंद्रकोरीसारख्या उरलेल्या सूर्याची दोन टोकं एकमेकांकडे सरकली आणि मधल्या फटीत अचानक तेजस्वी ठिपक्यांची माळच उमटली. लहानमोठे, असमान अंतरावरचे मणी. कडं तुटताना हाच खेळ उलट्या क्रमाने झाला.

कारण सरळ आहे. चंद्राची कड डोंगरदऱ्यांनी खडबडीत आहे. दऱ्यांतून सूर्यप्रकाश आधी झिरपतो, तेव्हा डोंगर मात्र अजून आडवेच असतात. इथून पाहताना दोन किलोमीटर उंचीचा डोंगर जेमतेम एका विकलेएवढा, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाएवढा भरतो. पण सूर्यासमोरून चंद्राचं सरकणं इतकं संथ असतं की तेवढ्यालाही काही सेकंद लागतात. थोडक्यात, कडं एका क्षणी जुळतच नाही.

आज हाच खोडा उपयोगाचा ठरला आहे. जपानच्या ‘कागुया’ यानाने आणि २००९ मध्ये निघालेल्या ‘लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर’ने लेसरने चंद्राचे चढउतार मोजले. कुठली दरी किती खोल हे कळल्यावर मणी कधी उजळला आणि कधी विझला यावरून सूर्याचा व्यास काढता येतो. ग्रहणपट्ट्याच्या ऐन मध्यावर जायचं सोडून काही निरीक्षक मुद्दाम पट्ट्याच्या काठावर ठाण मांडतात. तिथे चंद्राची कड सूर्याच्या कडेला घासत जाते आणि मणी जास्त वेळ टिकतात.

बेलींच्या आधी, १७१५ च्या लंडनच्या ग्रहणात, एडमंड हॅली यांनीही हे पाहिलं होतं आणि डोंगरांचं कारणही सुचवलं होतं. पण नाव लागलं ‘बेलीचे मणी’ असंच, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. बेलींनी इतकं बारकाईने आणि रंगवून लिहिलं की पुढच्या ग्रहणाला युरोपभरचे खगोलशास्त्रज्ञ तयारीने निघाले. ते होतं ८ जुलै १८४२ चं खग्रास. बेली इटलीत पाव्हिया विद्यापीठाच्या इमारतीतून मण्यांचीच वाट पाहत होते. मणी दिसलेही. ते वेळ टिपत होते, तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून टाळ्यांचा कडकडाट झाला. काळ्या चंद्राभोवती प्रभामंडल उजळलं होतं आणि त्यातून लालसर ज्वाला डोकावत होत्या.