सुरेचे ग्रंथ, निर्व्यसनी घरासाठी

औराद तालुक्यातील संतपूर आणि त्याच्या आसपासची गावे बीदर जिल्ह्याच्या त्या पट्ट्यात येतात, जेथे कचेरीचा कागद कन्नडात निघतो आणि चुलीपुढचे बोलणे मराठीत चालते. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. सोयरिकी मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना पूर्वीसारख्याच होत राहिल्या, आणि मुलेही शिक्षणासाठी व नोकरीसाठी दोन्हीकडे जात राहिली. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखरेबरोबर मद्यार्काचे तंत्रही शिकविले जाते. छत्रपती संभाजीनगरजवळ, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेजवळ, बिअरचे मोठे कारखाने आहेत. एखाद्या माळकरी घरातील मुलगा रसायनशास्त्राची पदवी घेऊन अशा ठिकाणी रुजू होतो, आणि मग पंढरीची वारी न चुकविणाऱ्या आजोबांना कोणी विचारले, की नातू काय करतो, तर ते ‘कंपनीत आहे’ एवढेच सांगून विषय बदलतात.

या मौनाचे आम्हांला नवल वाटत नाही. आपल्या सीमाभागात दारूने किती संसार धुळीस मिळविले, हे आमच्या वाचकभगिनींना आम्ही सांगावे असे नाही. कर्नाटक सरकारने १ जुलै २००७ पासून अर्क, म्हणजे गावठाणागणिक मिळणारी स्वस्त सरकारमान्य दारू, बंद केली, त्यामागे अशाच घरांचा आकांत होता. तेव्हा पुढील मजकूर पिण्याची भलावण करण्यासाठी लिहिलेला नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. परंतु ज्या विद्येवर घरातल्या मुलाचे पोट चालते, त्या विद्येची पुस्तके घरात उघडपणे ठेवता येऊ नयेत, हे आम्हांला पटत नाही. या विषयावर उत्तम ग्रंथ आहेत, आणि त्यांतील काही तर आपल्याच मातीतले आहेत.

ग्रंथांकडे वळण्यापूर्वी स्वयंपाकघरात डोकवावे. मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला, ज्या सणाला आपण येळवस म्हणतो, शेतात भज्जी, उंडे आणि आंबिलीची घागर नेत नाही असे शेतकरी घर या भागात विरळाच. ज्वारीचे पीठ भिजवून रात्रभर ठेवावे, आंबट वास सुटला की शिजवावे, ताक व लसूण घालावी. ही आंबील आणि बिअर यांचे कूळ एकच. दोहोंत धान्य आहे, पाणी आहे आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचे काम आहे. अंतर इतकेच, की आंबिलीत ते जीव पिठाला आम्ल करतात, तर बिअरमध्ये यीस्ट नावाची बुरशी साखरेचे मद्यार्क बनविते. पण धान्यात साखर कोठे असते? असतो तो स्टार्च, आणि स्टार्च यीस्टला पचत नाही. ही अडचण जगाने मुख्यत्वे दोन रीतींनी सोडविली. युरोपात सातूला मोड आणून तो वाळविला. मोड येताना दाण्यात जे पाचक द्रव्य तयार होते, ते स्टार्चची साखर करते. पूर्वेकडील देशांनी धान्याच्या गोळ्यावर बुरशी वाढविली आणि तिच्याकडून तेच काम करून घेतले. अशा गोळ्यांच्या विरजणाला आपल्या प्राचीनांनी ‘किण्व’ म्हटले. मराठी विश्वकोशात ‘किण्वन’ ही नोंद आहे ती याच शब्दावरून, आणि विद्यार्थ्याने आरंभ तेथूनच करावा.

त्यानंतर आमची पहिली शिफारस कौटिलीय अर्थशास्त्राची. हा ग्रंथ शतकानुशतके केवळ नावाने ठाऊक होता. त्याची पोथी एका तंजावरी पंडिताकडून म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आली आणि आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली ती छापून प्रसिद्ध केली. म्हणजे तो आजच्या कर्नाटकातूनच जगापुढे आला. मराठीत करंदीकर व हिवरगांवकर यांचे भाषांतर आहे. ज्यांना इंग्रजी चालते त्यांनी मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत काढलेली रा. प. कंगले यांची आवृत्ती घ्यावी. तिच्या टीपा फार मोलाच्या आहेत. दुसऱ्या अधिकरणाचा पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाचा. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु हे प्रकार दिले असून काहींची मापेही दिली आहेत. मेदकासाठी पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक आणि किण्व तीन प्रस्थ. द्रोणाचे प्रस्थ सोळा आणि अर्ध्या आढकाचे दोन, हे लक्षात घेतले तर तांदळापेक्षा विरजणच अधिक पडते असे दिसेल. याचे कोडे किण्वाच्या कृतीत उलगडते : उडदाचे वाटण एक द्रोण, त्याच्या तृतीयांशाने अधिक तांदूळ, आणि मोरटादी औषधी. किण्व म्हणजे चिमूटभर टाकावयाची वस्तू नव्हती. ते स्वतःच धान्य होते. उडीद आणि तांदूळ ही जोडी वाचून गृहिणीच्या ओठांवर हसू आल्यावाचून राहणार नाही, कारण आपल्या इडलीच्या पिठात तीच जोडी असते.

याच अध्यायात कुटुंबवत्सल लोकांना समारंभासाठी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा आहे. उत्सव-यात्रांच्या वेळी ती चार दिवसांची आहे. एरवी सारा व्यापार राजाच्या मुठीत. पानगृहांत वेगवेगळे कक्ष, आसने, सुगंध, फुले आणि ऋतुमानाप्रमाणे सुखसोय असावी असे सांगणारा कौटिल्य तेथेच हेरही बसवितो. अबकारी खात्याचा हा पूर्वज मोठा व्यवहारी खरा!

अरिष्टांविषयी अधिक हवे असेल तर शार्ङ्गधरसंहिता पाहावी. काढा करून आंबविले ते अरिष्ट, न उकळता आंबविले ते आसव, हा भेद तेथे स्पष्ट केला आहे. घरोघरच्या कपाटातील दशमूलारिष्टाच्या बाटलीचे मूळ त्यात सापडेल. चरकाने मदात्ययाला चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय दिला, ही गोष्टही विसरू नये; मद्याचे गुण सांगणाऱ्यांनीच त्याचा रोगही सांगून ठेवला आहे. यज्ञातील सुरेबद्दल, विशेषतः सौत्रामणी यागात मोड आलेल्या धान्यापासून ती कशी करीत याबद्दल, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा दुसरा खंड वाचावा. तो १९४१ साली निघाला.

आता बीदरकरांच्या हक्काचा ग्रंथ. कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही उत्तर चालुक्यांची राजधानी याच जिल्ह्यात. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे ११२९-३० साली, ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्य कसे मिळवावे येथपासून मासे कसे रांधावेत येथपर्यंत सर्व काही त्यात आहे. उडदाच्या पिठाच्या ‘इडरिका’ आहेत. क्रीडांच्या भागात मदिरापानक्रीडाही आहे. मात्र ती राजवाड्याच्या विलासाचे चित्र आहे, तिला सामान्यांच्या पेयांचा पुरावा मानू नये. मराठी माणसाला या ग्रंथाचा आणखी एक लळा असावा. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असे तो सांगतो, आणि त्याच्या गीतविनोदात जुन्या मराठीतील पदे आली आहेत. ग्रंथाचे संपादन ग. कु. श्रीगोंदेकर यांनी केले आणि तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५, १९३९ व १९६१ साली तीन खंडांत निघाला. कल्याणीच्या राजाचा ग्रंथ बडोद्याच्या मराठी राज्याच्या आश्रयाने छापला जावा, हा योग आम्हांला मोठा रम्य वाटतो. सोमेश्वरानंतर काही दशकांतच त्याच कल्याणीत बसवण्णांच्या शरणमंडळात हेंडद मारय्या नावाचा वचनकार होता. ‘हेंड’ म्हणजे ताडी. तो तिचा विक्रेता होता. राजाची मदिरा आणि मारय्याची ताडी एकाच नगरीत, हे मनात ठेवून मानसोल्लास वाचला तर अधिक कळतो.

हे सारे एकत्र गुंफून सांगणारा आधुनिक ग्रंथ म्हणजे जेम्स मॅकह्यू यांचा ‘अॅन अनहोली ब्रू’ (२०२१). भारतातील मद्याचा व त्याविषयीच्या धर्मविचाराचा इतका साक्षेपी अभ्यास आमच्या पाहण्यात दुसरा नाही. के. टी. अचया यांचे ‘इंडियन फूड’ (१९९४) सोबतीला असावे; ते वाचावयास सोपे आहे.

पाश्चात्त्यांपैकी पहिला मान लुई पाश्चरचा. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला, आणि या देशभक्त शास्त्रज्ञाने जर्मनांच्या बिअरला तोडीस तोड बिअर करण्याचा चंग बांधला. १८७१ साली लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात जाऊन त्याने सूक्ष्मदर्शकाखाली तेथील यीस्टमधील भेसळ दाखविली. या खटाटोपातून १८७६ चा त्याचा बिअरविषयक ग्रंथ जन्मास आला. इंग्रजी भाषांतर १८७९ चे. मायकेल जॅक्सन (गायक नव्हे) यांचे ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ (१९७७) हे देशोदेशींच्या बिअरचे रसाळ वर्णन आहे. चार्ली पपाझियन यांचे ‘द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रूइंग’ (१९८४) आणि जॉन पामर यांचे ‘हाऊ टू ब्रू’ ही तंत्राची पुस्तके. विद्यार्थ्याने ती अभ्यासासाठी जरूर वाचावीत, पण घरी प्रयोग करू नयेत. परवान्यावाचून मद्य करणे आपल्याकडे गुन्हा आहे. कौटिल्याची श्वेतसुरेची मुभा आता चालत नाही. हात शिवशिवतच असतील तर सँडर कॅट्झ यांचे ‘द आर्ट ऑफ फर्मेंटेशन’ (२०१२) घ्यावे. त्यातील लोणची आणि आंबवलेल्या पिठांचे पदार्थ करण्यास कोणाची हरकत नाही.

या सर्वांशेजारी दोन मराठी पुस्तके हवीतच. एक अर्थात राम गणेश गडकरींचे ‘एकच प्याला’. गडकरी जन्मले नवसारीस, आणि त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग केला तोही बडोद्यास. तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळावर हसता हसता सिंधूच्या संसाराचे काय होते, ते शंभर वर्षांनंतरही वाचवत नाही. दुसरे अनिल अवचट यांचे ‘मुक्तांगणची गोष्ट’. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या व्यसनमुक्ती केंद्राची ही हकिकत आहे. व्यसनाला पाप न म्हणता आजार मानून माणसे कशी उभी केली, हे त्यात साध्या भाषेत आले आहे. मद्याच्या धंद्यात शिरणाऱ्या तरुणाने हे पुस्तक तंत्राच्या पुस्तकाआधी वाचावे, असा आमचा आग्रह आहे.

संतपुरातील एखाद्या घरी फडताळात जागा आणि पदरात पैसा दोन्ही बेताचे असतील, तर अर्थशास्त्राचे मराठी भाषांतर, अवचटांचे पुस्तक आणि पामर एवढी तीन आणावीत. ‘एकच प्याला’ बहुधा घरात असेलच. मानसोल्लासाचे खंड विकत घेण्याच्या भरीस पडू नये, ते मोठ्या ग्रंथालयात बसून पाहावेत. आजोबांना वाचून दाखवावयाचे झाल्यास ओवीचा उल्लेख आधी काढावा, इडरिका मग, आणि मदिरापानक्रीडा त्यांनी विचारली तरच.