दोन वर्षांचा हिशेब

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परिचारिकांची टंचाई होती. तोवर बहुतेक परिचारिका रुग्णालयांच्याच तीन वर्षांच्या शाळांत घडत. तिथे राहण्याजेवणाची सोय असे; मोबदल्यात विद्यार्थिनी वॉर्डात राबत. मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी १९५१ साली वेगळा मार्ग मांडला : हे शिक्षण दोन वर्षांत, सामुदायिक महाविद्यालयात द्यावे. १९५२ मध्ये प्रयोग सुरू झाला.

शिक्षण घराजवळ आले. विवाहित, लेकुरवाळ्या, नोकरदार स्त्रियांना दार उघडले. मात्र ‘दोन वर्षे’ हा हिशेब कागदावरचा. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय बहुधा प्रवेशापूर्वीच पुरे करावे लागतात. मग व्याख्याने, प्रयोगशाळा आणि रुग्णालयातल्या पाळ्या. शेवटी नोंदणीकृत परिचारिकेच्या परवान्याची परीक्षा मात्र चार वर्षे शिकलेल्या पदवीधरांना असते तीच.

म्हणून नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना विज्ञानाचे विषय आधी एकेक करून संपवणे आणि मुख्य अभ्यासक्रमात कामाचे तास कमी करणे सोयीचे पडते. वॉर्डातली वेठ संपली. पण वसतिगृह उचलत असे तो भार आता विद्यार्थिनीच्या घरावर आला. पाळीच्या दिवशी मुले कोण सांभाळणार, हे ठरेपर्यंत प्रवेशाची तयारी अपुरीच.